ब्लोअर थांबल्यावरची दहा मिनिटं

शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून बाहेर पडलो आणि रत्नागिरीजवळ टाक्यांमध्ये तिलापिया मासे वाढवणाऱ्या एका प्रकल्पावर लागलो. डीओ मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारं यंत्र, लिटरला ६ मिलिग्रॅम दाखवतोय म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चाललो होतो. पहिल्याच जूनमध्ये कळलं की ते चुकीचं होतं.

संध्याकाळी साडेसहाला मी पोटभर खाद्य टाकलं. सातला पाऊस कोसळला आणि लाइट गेली. जनरेटरची बॅटरी उतरलेली. टाक्यांत हवा सोडणारा ब्लोअर बंद पडल्यावर शेडमध्ये जी शांतता होते, ती मला अजून नकोशी वाटते. दहा-बारा मिनिटांत मासे वर आले, पाण्याला ओठ टेकवून तोंडाची उघडझाप करत. गाडीची बॅटरी जोडून जनरेटर सुरू केला, तोवर मासे दाटीने भरलेल्या टाकीतले मोठे मासे उलटायला लागले होते.

नंतर बघितलं तर मीटरचा प्रोब ताजं पाणी पडतं तिथेच लटकत होता. रीडिंग घ्यायचं ते पाणी टाकीतून बाहेर पडतं तिथे, माशांनी वापरून उरलेलं. तिथे आम्हाला ४ सुद्धा मिळालं नाही. तिलापिया कमी ऑक्सिजनमध्ये तग धरतो खरा, पण खाद्य अंगी लागायचं तर तिथे ५ हवा.

मुळात आपल्याकडे शिल्लक थोडी. ३० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. खाल्ल्यावर माशांची गरज वाढते. शिवाय बायोफिल्टरचे, म्हणजे पाण्यातला विषारी अमोनिया काढणाऱ्या फिल्टरमधले जिवाणू! १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला त्यांना सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो. नवीन माणूस हिशेब फक्त माशांचा करतो, म्हणून फिल्टरमधून बाहेर येणारं पाणीही मोजत जा.

आभाळ भरून आलं की संध्याकाळचं खाद्य थांबवा. एक दिवस उपाशी राहून मासा मरत नाही.

आणि नवी टाकी घेण्याआधी ऑक्सिजन सिलेंडर आणि लाइट गेली की आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह घ्या. जनरेटर सुरू करायला माणूस लागतो, याला लागत नाही. तरी तपासावा लागतोच. दर सोमवारी सकाळी, खाद्याआधी, मी स्वतः मेन स्विच पाडतो आणि प्रत्येक टाकीच्या तळातून बारीक बुडबुडे उठताना दिसेपर्यंत तिथून हलत नाही.