बेफाम पवनचक्की कशी आवरली

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर आषाढात छत्री उघडायची सोय नाही. तिथल्या पवनचक्क्या बघूनच मी घराच्या गच्चीवर छोटी चक्की उभी केली: पीव्हीसी पाइपातून कापलेली तीन पाती, भंगारातली २४ व्होल्टची डीसी मोटर (पात्यांनी फिरवली की हीच वीज देते), खाली १२ व्होल्टची बॅटरी.

पहिल्याच जोराच्या वाऱ्यात ती किंचाळायला लागली. बॅटरी भरली की चार्जर लाइन तोडायचा, मोटरवर भार उरायचा नाही आणि पाती सुसाट. वारा दुप्पट झाला की ताकद आठपट, हे वाचलं होतं. त्या दिवशी पाहिलं. एका पात्याला बोल्टच्या भोकापाशी केसाएवढी चीर गेली होती.

आता बॅटरी भरली की रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, करंट हेडलाइटच्या दोन बल्बांकडे वळवतो. मोटर खांबाच्या चार बोटं बाजूला घेतली आणि शेपूट तिरक्या बिजागरीवर बसवली, म्हणजे वारा वाढला की चक्की आपणच तोंड फिरवते. मोटरच्या दोन तारा एकमेकींना जोडून (शॉर्ट करून) ब्रेक लावायचा तो वारा मंद असतानाच. भर वाऱ्यात मी एक मोटर जाळली आहे, घरी अजून ऐकवतात.

परवा पुन्हा वारा सुटला. बल्ब पेटले, शेपूट दुमडली. मी पात्यांच्या रेषेत मात्र उभा राहिलो नाही.