७७७ देऊनही व्हीएमला डिस्क उघडत नाही? ॲपआर्मर बघा

उबुंटूवर केव्हीएम-लिबव्हर्ट (व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवायची व्यवस्था) आहे, व्हीएमची डिस्क फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली आणि व्हीएम सुरू करताना ‘परमिशन डिनाइड’ आलं, की आपण पहिलं काय करतो, सीएचमॉड ७७७, म्हणजे फाइल सगळ्यांना मोकळी. मीपण केलंय, दोनदा. बऱ्याचदा काही फरक पडत नाही, कारण अडवतोय ॲपआर्मर (कुठल्या प्रोग्रामने कुठल्या फाइलला हात लावायचा हे प्रोफाइल नावाच्या नियमांनी ठरवणारा पहारेकरी) आणि त्याला तुमच्या ७७७ चं काही सोयरसुतक नाही.

आधी डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, ‘डिनाइड’ शोधा. प्रोफाइलच्या नावात ‘लिबव्हर्ट-’ आणि पुढे व्हीएमचा लांबलचक यूयूआयडी (ओळख क्रमांक) दिसेल, शेजारी ‘नेम’मध्ये अडवलेली फाइल. अशी ओळच नसेल तर साधी लिनक्स परमिशन बघा. २१.०४ पासून उबुंटूत नव्या युजरचं होम ७५० असतं, म्हणजे बाहेरच्यांना बंद, त्यामुळे व्हीएम ज्याच्या नावाने चालते तो लिबव्हर्ट-क्यूईएमयू युजर आत शिरूच शकत नाही, त्याला सेटएफएसीएलने (एकाच युजरला परवानगी देणारी कमांड) त्या डिरेक्टरीवर फक्त एक्स, म्हणजे आत शिरायची परवानगी द्या, भागतं.

माझ्या केसमध्ये ओळ होती, पण अडवलेली फाइल व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये (तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) मी कुठे लिहिलीच नव्हती! ती होती बेस इमेज, म्हणजे माझी डिस्क जिच्यावर आधारलेली आहे ती मूळ डिस्क फाइल. होतं असं की व्हीएम सुरू होताना व्हर्ट-एए-हेल्पर नावाचा प्रोग्राम त्या व्हीएमपुरतं प्रोफाइल बनवतो, आणि क्यूकाऊ२ प्रकारच्या डिस्क फाइलच्या मागे कुठली बेस फाइल आहे हे कळायला त्याला डिस्क स्वतः वाचावी लागते. पण हेल्परवरही ॲपआर्मरचा पहारा आहेच, त्याला ठरावीक जागा आणि .क्यूकाऊ२, .आयएमजी असली एक्स्टेन्शनच वाचता येतात. माझी डिस्क /डेटा/व्हीएम मध्ये, नावाला एक्स्टेन्शन नाही, मग हेल्परला वाचता आली नाही आणि तो गप्प पुढे गेला, एरर वगैरे काही नाही.

उपाय सोपा आहे, /ईटीसी/ॲपआर्मर.डी/लोकल मधल्या हेल्परच्या फाइलमध्ये ‘/डेटा/व्हीएम/** आर,’ ही ओळ टाका (शेवटचा कॉमा विसरू नका, मी विसरलो होतो), मग ॲपआर्मर_पार्सर -आर ने हेल्परचं मूळ प्रोफाइल रीलोड करा, आणि व्हीएम पूर्ण बंद करून परत चालू, आतून रीबूट मारून उपयोग नाही. हेल्परने बनवलेली, नावात यूयूआयडी आणि शेवटी .फाइल्स असलेली प्रोफाइलची फाइल हाताने एडिट करू नका, दर स्टार्टला ती नव्याने लिहिली जाते.

आणि क्यूईएमयू.कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये सिक्युरिटी_ड्रायव्हर ‘नन’ करा, म्हणजे हा पहाराच बंद करा, हा सल्ला कोणी दिला तर सरळ नाही म्हणा, एका डिस्कसाठी सगळ्या व्हीएमची कुंपणं कशाला पाडायची.

झाल्यावर ती .फाइल्स उघडून बघा. बेस इमेजपुढे ‘आरके’ (वाचणं आणि लॉक करणं) आणि खाली तिच्याच नावाने ‘डिनाय ... डब्ल्यू’ (लिहायला मनाई) दिसलं की झालं काम.