दिवा लागला म्हणजे जोडणी झाली असे नव्हे : कार्यालयाच्या नेटवर्क केबलिंगमधील या चुका टाळा

नव्या कार्यालयाचे काम चालू असताना नेटवर्कच्या केबलचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. फर्निचरचा नकाशा ठरलेला असतो, वातानुकूलनाचे डक्ट टांगून झालेले असतात, फॉल्स सीलिंगवाला शिडी घेऊन उभा असतो, आणि अशा वेळी केबलिंगच्या कंत्राटदाराला ‘दोनशे पॉइंट काढून द्या’ एवढेच सांगितले जाते. तो ते काढूनही देतो. सगळ्या केबली जिथे जोडल्या जातात त्या यंत्रावर, म्हणजे स्विचवर, हिरवे दिवे लागतात, बिल मंजूर होते, आणि काही महिन्यांनी ‘आमच्या बाजूला नेट मंद आहे’ अशा तक्रारी सुरू झाल्या की खापर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीवर किंवा स्विचवर फुटते. वास्तविक स्विच पाच-सात वर्षांत बदलला जातो. भिंतीत आणि छतात गेलेली केबल मात्र पुढची पंधरा वर्षे तरी कोणी हलवत नाही. तरीही तिच्याविषयीचे निर्णय सर्वांत घाईने होतात, आणि ते बरोबर होते की नाही याचा एकमेव पुरावा म्हणून तो हिरवा दिवा पुढे केला जातो.

९० मीटर कोठून कोठपर्यंत?

टीआयए ५६८ आणि आयएसओ/आयईसी ११८०१ ही केबलिंगची दोन्ही मानके एकच मर्यादा सांगतात : पॅच पॅनेलपासून (स्विचजवळ केबली जिथे संपतात त्या पट्टीपासून) टेबलाजवळच्या आयओपर्यंत (सॉकेटपर्यंत) पक्की केबल ९० मीटर, आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड (जोडायच्या सुट्या केबली) मिळून सुमारे १० मीटर, असे एकूण १०० मीटर. ही मर्यादा बहुतेकांना ठाऊक असते. चूक होते ती मोजण्यात, कारण अंतर नकाशावर पट्टी ठेवून काढले जाते आणि केबल मात्र कधीही कर्णरेषेने जात नाही.

६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असा एक मजला घेऊ. रॅक, म्हणजे स्विच आणि पॅच पॅनेल बसवलेले कपाट, एका कोपऱ्यात आहे आणि समोरच्या कोपऱ्यात शेवटचे टेबल आहे. नकाशावर हे अंतर ६७ मीटर भरते आणि आराखडा काढणारा निर्धास्त होतो. केबल वाहून नेणारी ट्रे मात्र भिंतींना समांतर जाते, त्यामुळे ६० अधिक ३० असे ९० मीटर तिथेच संपतात. रॅकपासून छतापर्यंतची चढण, खांबावरून टेबलापर्यंतचा उतार, डक्ट आणि तुळया चुकवताना घेतलेली वळणे, रॅकमागे राखून ठेवलेली दोन-तीन मीटरची गुंडाळी हे सगळे त्यावर. म्हणजे त्या कोपऱ्यातील टेबलांची जोडणी शंभरी ओलांडते. दिवा तिथेही लागतो, कारण शंभराव्या मीटरला सिग्नल काही अचानक मरत नाही. तो दुबळा होतो, आणि उन्हाळ्यात आणखी दुबळा होतो. अनशील्डेड (धातूचे आवरण नसलेल्या) केबलमधील सिग्नलची घट २० अंश सेल्सियसच्या वर ४० अंशांपर्यंत दर अंशाला ०.४ टक्के आणि त्यापुढे ०.६ टक्के या दराने वाढते असे मानले जाते. वातानुकूलित नसलेल्या पोकळीत, वरच्या स्लॅबखाली तापमान ४५ अंशांवर गेले, तर घट ११ टक्क्यांनी वाढते आणि ९० मीटरची निर्दोष केबलसुद्धा १०० मीटरच्या केबलसारखी वागू लागते.

यावर उपाय केबलमध्ये नाही, रॅकच्या जागेत आहे. रॅकची खोली, म्हणजे हब रूम, मजल्याच्या मध्याशी आणली, तर सर्वांत लांबची आडवी धाव ३० अधिक १५ म्हणजे ४५ मीटर होते आणि चढउतार धरूनही ६५ मीटरच्या आत राहते. केबल कमी लागते ते वेगळेच. परंतु मध्याची जागा साहेबांच्या केबिनला किंवा कॉन्फरन्स रूमला हवी असते, आणि वास्तुविशारदाशी होणाऱ्या पहिल्या बैठकीला नेटवर्कचा माणूस नसतो. मजला फारच मोठा असेल, तर एका लांबलचक जोडणीपेक्षा दोन हब रूम आणि त्यांच्यामध्ये फायबर (प्रकाशावर चालणारी काचतंतूची केबल) हाच मार्ग योग्य ठरतो.

याच मापाशी जोडलेली दुसरी चूक खरेदीत होते. केबलचे खोके ३०५ मीटरचे असते. २०० पॉइंट, सरासरी ५५ मीटर, म्हणून ११,००० भागिले ३०५, म्हणजे ३७ खोकी, असा हिशेब केला जातो. एका खोक्यातून ५५ मीटरचे पाचच तुकडे निघतात आणि ३० मीटर उरतात. त्या हिशेबाने ४० खोकी लागतात. जवळचे पॉइंट हेरून उरलेले तुकडे वापरता येतात, पण त्यासाठी प्रत्येक पॉइंटची लांबी आधी यादीत असावी लागते. ती नसेल तर शेवटच्या दिवशी केबल कमी पडते आणि सीलिंगच्या वर दोन तुकडे जोडून वर टेप गुंडाळली जाते. अशी जोडणी नंतर सापडणे फार कठीण असते.

डेस्क मोजले, छत विसरले

पूर्वी पॉइंटची संख्या खुर्च्यांवरून ठरत असे आणि दर जागेला दोन पॉइंट हा ठोकताळा पुरेसा होता. आज बहुतेक लोक लॅपटॉपवर आणि वाय-फायवर काम करतात. केबल लागते ती छतावरच्या ॲक्सेस पॉइंटला (वाय-फाय पुरवणाऱ्या यंत्राला), कॅमेऱ्याला, दारावरच्या कार्ड रीडरला, बैठकीच्या खोलीतील पडद्याला. ही उपकरणे वेगवेगळे पुरवठादार आणतात, त्यामुळे ती एकाही नकाशावर एकत्र दिसत नाहीत. मग कॅमेरेवाला स्वतःची केबल स्वतःच्या मार्गाने ओढतो आणि ट्रे भरून वाहू लागते. आराखड्याच्या टप्प्यावरच सर्वांना एका टेबलाशी बसवून छताचा वेगळा नकाशा करून घेणे, आणि प्रत्येक ॲक्सेस पॉइंटपाशी कॅट ६ए या वरच्या प्रतीच्या दोन केबली सोडणे, हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये.

कॅट ६ घ्यावी की कॅट ६ए, हा प्रश्न नेहमी दराच्या अंगाने विचारला जातो. कॅट ६ची चाचणी २५० मेगाहर्ट्झपर्यंत होते, कॅट ६एची ५०० मेगाहर्ट्झपर्यंत. १० गिगाबिटचा वेग पूर्ण १०० मीटर न्यायचा असेल तर कॅट ६ए हवी. कॅट ६वर ते अनुकूल परिस्थितीत ५५ मीटरपर्यंत आणि केबली दाटीने बांधलेल्या असल्यास ३७ मीटरपर्यंतच धरावे. मात्र साध्या टेबलांसाठी कॅट ६ आजही पुरेशी आहे, कारण २०१६ मधील ८०२.३बीझेड या मानकामुळे तिच्यावरून २.५ आणि ५ गिगाबिट चालतात. सगळीकडे महाग केबल घालण्यापेक्षा छताला आणि रॅकमधील जोडण्यांना ६ए, टेबलांना ६, अशी विभागणी मला अधिक शहाणपणाची वाटते.

घात होतो तो शेवटच्या क्षणी ६ची ६ए करण्यात. कॅट ६ची जाडी सुमारे ६ मिलिमीटर, कॅट ६एची साधारण साडेसात. फरक दीड मिलिमीटरचाच दिसतो, पण छेदाचे क्षेत्रफळ दीडपटीहून अधिक होते. बाहेरून २५ मिलिमीटर व्यासाच्या कंड्युटमध्ये (केबल जाणाऱ्या नळीत) आतल्या जागेचा ४० टक्केच भाग भरण्याचा नियम पाळला, तर कॅट ६च्या पाच केबली बसतात आणि कॅट ६एच्या तीनच. कंड्युट प्लास्टरखाली गेल्यानंतर हे लक्षात आले, की उरलेल्या दोन केबली साबणाचे पाणी लावून, चौघांनी मिळून ओढल्या जातात. केबलमध्ये आठ तारा दोन-दोनच्या चार पिळलेल्या जोड्यांत असतात; अशा केबलवर ११० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण ११ किलोच्या वजनापेक्षा, अधिक ओढ देऊ नये. त्याहून जास्त ओढले तर आतल्या पिळांचा ताल बिघडतो आणि बाहेरून काहीही दिसत नाही.

तांब्याच्या नावाने ॲल्युमिनियम

बाजारात कॅट ६ असा शिक्का असलेली, पण तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल सर्रास मिळते. मानके ती मान्य करत नाहीत. तिचा विद्युतरोध शुद्ध तांब्याच्या साधारण दीडपट असतो आणि पंच करताना (सॉकेटमध्ये दाबून बसवताना) तिची तार सहज तुटते. ओळखायची तर खोके उचलून पाहावे, ते संशयास्पद हलके लागते. आणि तार ब्लेडने खरवडली की तांबूस थराखालून चंदेरी रंग दिसतो.

ही फसवणूक आता अधिक महाग पडते, कारण केबलमधून माहितीबरोबर वीजही जाते. २००३ च्या ८०२.३एएफ मानकात ती १५.४ वॅट होती, २००९ च्या एटीमध्ये ३० वॅट, आणि २०१८ च्या बीटीमध्ये ९० वॅटपर्यंत गेली. ३० वॅटच्या जोडणीत मानकाला धरून असलेल्या केबलवरसुद्धा उपकरणापाशी २५.५ वॅटच पोचतील असे गृहीत धरलेले आहे; बाकीचे तारेत उष्णता होऊन जातात. रोध दीडपट झाला की ही उष्णताही वाढते, आणि शंभर केबली प्लास्टिकच्या टायने एका जाड मोळीत आवळलेल्या असतील तर ती बाहेर पडायला वाट मिळत नाही. मोळ्या २४ केबलींच्या आसपास ठेवाव्यात, आणि टायऐवजी व्हेल्क्रोची पट्टी, तीही बोट सरकेल इतकी सैल, वापरावी.

सरळ लावलेली, पण चुकीची जोडी

टोकाला तारा लावण्याच्या ५६८ए आणि ५६८बी या रंगक्रमांत कोणता चांगला, यावर साइटवर फार वाद होतात. फरक केशरी आणि हिरव्या जोडीच्या अदलाबदलीचा आहे. इमारतभर एकच क्रम ठेवला की विषय संपला. खरी चूक वेगळी आहे. काही कारागीर रंग ‘ओळीने’ लावतात : १-२, ३-४, ५-६, ७-८, आणि दोन्ही टोकांना तोच क्रम ठेवतात. साधा टेस्टर लावला की १ ते ८ दिवे बिनचूक लागतात. पण नेटवर्कच्या दृष्टीने ३ आणि ६ ही एक जोडी असते, आणि इथे त्या दोन तारा दोन वेगळ्या पिळांतून आलेल्या असतात. पीळ असतो तो बाहेरचा आणि शेजारचा गोंगाट रद्द करण्यासाठी; तोच मोडल्यामुळे जोडणी हळू वेगाला चालते आणि वेग वाढवताच कोलमडते. टोकाला पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नये, हा नियमही याच कारणासाठी आहे.

एका केबलच्या दोन जोड्या संगणकाला आणि दोन फोनला देण्याचा जुना जुगाडही इथेच मोडतो. १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागत, म्हणून तो चालून गेला. गिगाबिटला चारही लागतात.

हब रूम नावाची अडगळ

हिच्याविषयी थोडक्यात. ती स्वच्छतागृहाच्या भिंतीला लागून नसावी, तिच्यावरून पाण्याची किंवा ड्रेनची पाइप जाऊ नये, आणि तिचे वातानुकूलन कार्यालयाबरोबर संध्याकाळी सातला बंद होऊ नये. पिण्याच्या पाण्याच्या वीस लिटरच्या बाटल्या रॅकला टेकवून ठेवलेल्या मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत, की आता खोलीच्या दारावरच काय ठेवू नये याची यादी लावून घेतो. मजल्यामजल्यांमधील शाफ्टची भोके अग्निरोधक सीलंटने बंद असली पाहिजेत, आणि नवीन केबल ओढणाऱ्याने ती पुन्हा बंद केली आहेत हे तपासल्याशिवाय त्याचे बिल काढू नये. उघडा शाफ्ट आगीत धुराड्यासारखा चालतो.

दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकणे मात्र पूर्णपणे वर्ज्य मानावे. प्रत्येक इमारतीचे अर्थिंग वेगळे असते, आणि वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की त्या दोन अर्थिंगमधील फरक तुमच्या स्विचमधून वाट काढतो. तिथे फायबरच हवे, आणि त्यात धातूचे आवरण किंवा तार नसावी.

तक्रार आली तर शोध कोठून घ्यावा

जोडणी १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटला लागत असेल, तर प्रथम पॅच कॉर्ड बदलून पाहावी, मग ४-५ आणि ७-८ या जोड्या दोन्ही टोकांना तपासाव्यात. वेग ठरवण्याची बोलणी १-२ आणि ३-६ वर होते, म्हणून बाकीच्यांपैकी एखादी तार सुटलेली असली तरी अनेक उपकरणे गुपचूप खालच्या वेगावर उतरतात. कॅमेरा दिवसा चालतो आणि रात्री पुन:पुन्हा बंद पडतो, असे असेल तर कॅमेरा बदलण्याची घाई करू नये; अंधार पडताच त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची मागणी वाढते, आणि लांब किंवा मुलाम्याच्या केबलवर व्होल्टेज कोसळते. अडचण एकाच रांगेतील टेबलांना आणि ठरावीक वेळीच येत असेल, तर त्या रांगेची केबल विजेच्या तारांबरोबर एकाच रेसवेमधून (तारांच्या बंदिस्त पन्हळीतून) किंवा लिफ्टच्या शाफ्टला चिकटून जाते का, ते पाहावे. डेटा आणि वीज यांना रेसवेमध्ये स्वतंत्र कप्पे हवेत, आणि एकमेकींना छेदायचेच असेल तर काटकोनात. फायबरची तक्रार असेल तर बाकी काही करण्यापूर्वी कनेक्टरचे टोक तपासून स्वच्छ करावे. दोष बहुधा तिथेच निघतो.

हे सगळे शोधण्याची वेळ येऊ नये म्हणून काम ताब्यात घेताना प्रत्येक जोडणीची सर्टिफिकेशन चाचणी करून घ्यावी. त्यात लांबी, सिग्नलची घट, जोड्यांमधील गळती, परतणारा सिग्नल हे सगळे मोजले जाते. केवळ तारा जुळल्या का एवढेच नव्हे. नमुन्यादाखल दहा टक्के चाचण्या मान्य करू नयेत. अहवाल छापील किंवा एक्सेलमध्ये न घेता यंत्रातून निघालेल्या मूळ फाइलच्या स्वरूपात मागावा, कारण एक्सेलमधील आकडे बदलायला एक मिनिट लागते. अहवालातील क्रमांक, सॉकेटच्या फेसप्लेटवरील क्रमांक आणि पॅच पॅनेलवरील क्रमांक एकच आहेत, हे दहा-बारा ठिकाणी स्वतः चालत जाऊन पडताळावे. ‘साहेबांची केबल, काढू नये’ अशी मार्करने लिहिलेली चिठ्ठी ज्या रॅकमध्ये दिसते, तिथे ही पडताळणी सर्व पॉइंटांची करावी.