ठिबक संचाचे अनुदान : आधी पूर्वसंमती, मग खरेदी

महाराष्ट्रात ठिबक संचासाठी दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, तर इतर शेतकऱ्यांना ७५ टक्के अनुदान पाच हेक्टरच्या मर्यादेत मिळते. ८० पैकी ५५ किंवा ७५ पैकी ४५ टक्के केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेतून येतात आणि उरलेले राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून. मात्र ही टक्केवारी विक्रेत्याच्या बिलावर नव्हे, तर शासनाने लॅटरलमधील (पिकाच्या ओळीने टाकलेल्या नळ्यांमधील) अंतरानुसार ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर मोजली जाते. म्हणून दरपत्रक हाती येताच आपल्या पिकाच्या अंतराचा मापदंड कृषी कार्यालयातून विचारून घ्यावा. मापदंडापेक्षा जास्तीचा खर्च स्वतःच्या खिशातून जातो, आणि विक्रेते हे आपणहून क्वचितच सांगतात.

अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर करावयाचा असून त्यासाठी अ‍ॅग्रिस्टॅक या शासकीय शेतकरी नोंदणीतील शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक आहे. २०२५ पासून सोडत बंद होऊन ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ हे तत्त्व आल्यामुळे अर्ज लवकर केलेला बरा. सातबारा सामाईक असल्यास सहहिस्सेदारांचे संमतिपत्र आधीच तयार ठेवावे, कारण घरातल्या सह्या गोळा करण्यातच बहुधा सर्वाधिक वेळ जातो. सिंचनाच्या स्रोताची नोंद सातबाऱ्यावर आहे की नाही, हेही तपासावे. नसल्यास तलाठ्याकडे अर्ज देऊन ती करून घ्यावी.

निवड झाल्यावर कागदपत्रे अपलोड करावीत आणि कृषी विभागाची पूर्वसंमती मिळेपर्यंत थांबावे. लागवड तोंडावर आली म्हणून संच आधीच बसवून नंतर कागद जुळवण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचे बिल जोडल्यास अनुदान नाकारले जाऊ शकते. पूर्वसंमतीनंतर नोंदणीकृत विक्रेत्याकडून संच घ्यावा, जीएसटीचे पक्के बिल व संचाचा आराखडा घ्यावा आणि दिलेल्या मुदतीत संच बसवून बिल पोर्टलवर चढवावे. त्यानंतर कृषी विभागाचे कर्मचारी शेतावर येऊन मोका तपासणी करतात. त्या वेळी बिलातील साहित्य आणि जमिनीवरचे साहित्य जुळले पाहिजे.

रक्कम आधारशी संलग्न खात्यात थेट जमा होते. खाती दोन-तीन बँकांत असतील, तर रक्कम ज्या खात्याला आधार शेवटी जोडले गेले त्यात जाते, हे लक्षात ठेवून आधी त्याच बँकेत चौकशी करावी.