सगळी अंडी पांढरी, पिल्लं गायब: कोकणातल्या पडवीत सिक्लिड वाढवताना या चुका टाळा

आमच्या पडवीत जिथे पूर्वी सोललेले नारळ रचून ठेवायचे, तिथे आता लोखंडी रॅकवर सिक्लिड या कुळातल्या माशांचे १४ टँक आहेत. दापोलीच्या बाजूचं गाव, जांभ्यात खोदलेली विहीर, समुद्र चालत दहा मिनिटांवर. शेजारच्या वाडीतला एक मुलगा महिन्यातून एकदा तरी मोबाईलमध्ये फोटो घेऊन येतो. "दादा, परत सगळी अंडी पांढरी." पांढरी म्हणजे वाया गेलेली. जोडी, खाणं, टँकचं माप हे सगळं बाजूला ठेवून मी आधी विचारतो, "पाणी कुठलं?" तो वैतागतो. विहिरीचं, अजून कुठलं? पण मी स्वतः घातलेले आणि इतरांकडे पाहिलेले बहुतेक घोळ तिथूनच सुरू झालेत. मासा एका पाण्यातला, विहीर दुसऱ्याच पाण्याची.

मासा आधी, पाणी नंतर

दुकानातला निळा-पिवळा मलावी सिक्लिड बघितला की कुणाचाही जीव त्याच्यावर जडतो. तो आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातला. तिथलं पाणी जड, पीएच (७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण ७.७ ते ८.६. टांगानिका सरोवराचा पीएच तर ९ च्या जवळ जातो. आपल्या जांभ्याच्या विहिरीच्या पाण्यात डाळ पटकन शिजते आणि साबणाला लगेच फेस येतो, म्हणजे त्यात कॅल्शियमचे क्षार फारसे नाहीत. पीएचही बहुधा ७ च्या खालीच. मलावी अशा पाण्यात लगेच मरत नाही, हीच पंचाईत. तो रेटत राहतो, रंग उतरतो, मादी अंडी तोंडात धरते आणि चार दिवसांत टाकून देते, आणि आपण खाण्याचे डबे बदलत बसतो.

हेच पाणी एंजल, रॅम, ॲपिस्टोग्रामा, डिस्कस या दक्षिण अमेरिकेतल्या मंडळींना मानवतं. घाटावरचा माणूस बोअरचं जड पाणी आरओतून काढून डिस्कससाठी साठवतो. आपल्याला ते कळशीनं मिळतं, आणि आपण त्यात सोडा ढवळतो.

सोड्याचा माझा अनुभव सांगतो. ३ फुटी टँक, मलावीची पिल्लं जरा जास्तच, स्पंज फिल्टर नवा, आणि भाताच्या लावणीमुळे आठवडाभर पाणी बदललेलं नाही. पीएच साडेसहा दिसला म्हणून संध्याकाळी दोन चमचे खाण्याचा सोडा थेट टँकमध्ये टाकला. रात्री दहाला टॉर्च मारला तर सगळी पिल्लं पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होती. सकाळपर्यंत निम्मी गेली. सोडा काही विषारी नव्हे. माशांच्या घाणीतून पाण्यात साठलेला अमोनिया पीएच कमी असताना बऱ्यापैकी निरुपद्रवी रूपात असतो. २८ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम ०.७ टक्का भाग विषारी असतो. पीएच ८ ला तो साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो. नऊ-दहा पट, तेही एका रात्रीत, चमचाभर सोड्याने.

पीएच वाढवायचाच असेल तर तो टँकच्या बाहेर, ड्रममध्ये वाढवा. ५० लिटरला सुमारे ६ ग्रॅम सोडा, म्हणजे सपाट चमचाभर, केएच (पीएच घसरू न देणारे पाण्यातले कार्बोनेट) साधारण ४ अंशांनी वाढवतो. एक रात्र हवा सोडा, पीएच बघा, आणि मग रोज थोडं थोडं बदला. केएच टिकवायला आपल्याकडे फुकटचा उपाय आहे: तिसऱ्यांचं कालवण झालं की शिंपल्या फेकू नका. उकळा, कडक उन्हात वाळवा, जाळीच्या पिशवीत भरून पाणी वाहतं तिथे लटकवा. त्या हळूहळू विरघळतात, आणि पाणी आम्लाकडे झुकलं की जरा जास्त. पानाचा किंवा भिंतीचा चुना मात्र चुकूनही नको. त्याने पीएच १२ पर्यंत उडू शकतो. शंखात राहणारे टांगानिकाचे छोटे सिक्लिड पाळणाऱ्यांना आणखी एक सूचना: किनाऱ्यावरून आणलेल्या शंखात खेकडा नाही ना, ते आधी बघा. माझ्या एका शंखात होता. तो आत मेला, आणि टँकचा वास माजघरापर्यंत आला.

मे महिन्यातला टीडीएस

किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. टीडीएसचं पेन बुडवलं की आकडा चढलेला, आणि लोक म्हणतात, "बघ, पाणी जड झालं, आता मलावी आणू." ते पेन फक्त विरघळलेल्या क्षारांची एकूण बेरीज दाखवतं. त्यात मीठ किती आणि कॅल्शियम किती, हे त्याला कळत नाही. त्यासाठी जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा) आणि केएचचं थेंबांचं किट लागतं, आणि एक किट बरेच महिने पुरतं.

पाणी खरंच मचूळ होत असेल तर ऑरेंज क्रोमाइडचा विचार करा. हा आपल्याच देशातला सिक्लिड. भारतात मूळचे सिक्लिड तीनच, आणि त्यातला काळुंदर सिंधुदुर्ग-गोव्याच्या खाड्यांत मिळतो, लोक आवडीने तळून खातात. ऑरेंज क्रोमाइड त्याचा लहान नातेवाईक. थोड्या खाऱ्या पाण्यात तो खूश असतो, जोडीने पिल्लं सांभाळतो, आणि पिल्लं आई-बापाच्या अंगावरचा चिकट थर खातात. डिस्कसचंही तसंच. म्हणून "मोठे खाऊन टाकतील" या भीतीने या दोघांची पिल्लं पोहायला लागताच वेगळी काढणं, म्हणजे त्यांच्या तोंडचा घास काढणं.

पहिला पाऊस आणि टीसीएल

विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसतं, असं मी कितीतरी वर्षं छातीठोकपणे सांगायचो. पावसाळ्यात साथी येऊ नयेत म्हणून सार्वजनिक विहिरींत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर टाकतात, हे ठाऊक असूनही टँकशी त्याचा संबंध जोडला नव्हता. जूनमध्ये अर्धं पाणी बदललं आणि सकाळी एंजलचे कल्ले लालभडक. आता पावसाळाभर पाणी आधी ड्रममध्ये रात्रभर हवा सोडून ठेवतो. घाई असेल तर क्लोरीन मारणारे हायपोचे खडे, डब्यावरच्या मापाने.

दुसरी बाजू पागोळीच्या पाण्याची. कौलांवरून पडणारं पाणी पहिले काही दिवस धूळ, शेवाळ आणि पाखरांची घाण घेऊन येतं, ते सोडूनच द्या. नंतरचं पाणी स्वच्छ असतं, पण त्यात क्षार जवळपास शून्य. नुसत्या पावसाच्या पाण्यावर टँक चालवला की दोन-तीन आठवड्यांत केएच संपतो, पीएच घसरतो, आणि अमोनिया पचवणारे जिवाणू मंदावतात. मासे कोपऱ्यात गप्प उभे, भूक नाही, अंडी बंद. लोक औषध टाकतात. आधी केएच मोजा. विहिरीचं निम्मं आणि पावसाचं निम्मं, वर मूठभर शिंपल्या, एवढ्यावर माझे एंजल पाऊसभर नीट असतात. शिवाय पाऊस लागल्यावर दोन अंश गार पाणी घातलं की अडून बसलेल्या जोड्याही कौल साफ करायला लागतात.

अंडी पांढरी का पडतात

कौल म्हणजे खरंच कौल. एंजलला अंडी घालायला दुकानातला कोन घ्यायची गरज नाही. जुन्या मंगलोरी कौलाचा हातभर तुकडा घासून उकळायचा आणि काचेला तिरका टेकवायचा. जोडी दोन दिवस त्यावर चोच मारत राहते. मग मादी खालून वर सरकत एका ओळीत अंडी चिकटवते, नर तिच्या मागून तसाच सरकत ती फळवतो.

नर मागून सरकला की नाही, हे बघणं सगळ्यात महत्त्वाचं. दोन माद्याही जोडी जमवतात, जागा साफ करतात, दोघी अंडी घालतात, राखणही करतात. दुसऱ्या दिवशी सगळी अंडी चुन्यासारखी पांढरी. त्या वाडीतल्या मुलाचं हेच झालं होतं, आणि तो चार महिने मिथिलीन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध) बदलत होता. अंडी घालायच्या वेळी पोटाखाली नळी बाहेर येते: नराची बारीक आणि टोकदार, मादीची जाड आणि बोथट. एरवी एंजलमध्ये नर-मादी ओळखणं म्हणजे अंदाजपंचे. "दादा, जोडी आहे, घ्या" म्हणून दुकानदार दोन मासे देतो, त्यावर विसंबू नका. सहा पिल्लं आणा, एकत्र वाढवा, त्यांची जोडी त्यांना जमवू द्या. फ्लॉवरहॉर्नवाल्यांसाठी वेगळं: तो संकर आहे, आणि त्यातले बरेच नर वांझ निघतात. तिथे पाण्याला दोष देऊ नका.

काहीच अंडी पांढरी असतील तर चिंता नाही. ती बुरशी पकडतात आणि शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरवतात, म्हणून आई-बाप ती स्वतःच उचलून खातात. नवखा माणूस हे बघून घाबरतो आणि कौल बाहेर काढतो.

सगळीच अंडी खाल्ली तर? पहिल्या तीन-चार वेळा नवी जोडी असं करतेच. दहा-पंधरा दिवसांत परत घालतात. पाचव्या वेळेलाही तेच चाललं असेल तर टँक कुठे ठेवलाय ते बघा. माझा पहिला टँक पडवीच्या दाराशी होता: येणारा-जाणारा, कुत्रा, दुधवाला, आणि रात्री दहाला खटकन बंद होणारा दिवा. एक छोटा दिवा रात्रभर चालू ठेवला आणि टँक आतल्या भिंतीला सरकवला, बाकी काही केलं नाही. पुढची अंडी टिकली.

वेगळी उबवायचीच असतील तर कौल १०-१५ लिटरच्या टँकमध्ये त्याच पाण्यात ठेवा, शेजारून हवेचे बुडबुडे जातील असं. पाणी फिकट निळं होईल इतकंच मिथिलीन ब्लू. पांढरी अंडी ड्रॉपरने काढा. २८ अंशांना दोन-अडीच दिवसांत शेपट्या वळवळू लागतात, आणि पोहायला आणखी चार-पाच दिवस. या मधल्या दिवसांत खाणं टाकायचं नाही. पोटाला पिवळ्याची शिदोरी असते. वरून टाकलेलं नुसतं कुजतं.

पोहणारी पिल्लं उपाशी मरतात, तीही ताटावर बसून

उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून टाकणं हा पिढीजात सल्ला. एकदा टाकून बघा, दुसऱ्या दिवशी पाण्याचा वास घ्या. पहिल्या दिवसापासून पिल्लांना लागतो जिवंत, हलणारा आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव. त्याची सुकी अंडी डब्यात मिळतात, ती घरी फोडायची. लिटरभर पाण्यात सुमारे २५ ग्रॅम खडे मीठ, जोरात हवा, वर दिवा, २८ अंश, आणि २४ तासांत नारिंगी ढग तयार. समुद्राचं पाणी दाट फडक्यातून गाळून वापरलं तरी चालतं, मी निम्म्या वेळा तेच करतो. हवा बंद करून पाच मिनिटं थांबा. टरफलं वर, पिल्लं खाली. खालचंच नळीने ओढा, गोड्या पाण्यात गाळून धुवा, मग द्या. टरफल माशाच्या पिल्लाच्या पोटात अडकतं.

आता आपल्याकडची खास चूक. जानेवारीत उत्तम फुटणारा आर्टेमियाचा डबा जुलैत एकदम निम्माही फुटत नाही. डबा बनावट नसतो. त्या अंड्यांना दमट हवा चालत नाही, आणि आपण डबा रोज सकाळी उघडतो, तोही अशा हवेत जिथे काडेपेटी पेटत नाही. डबा आणल्या दिवशीच लहान घट्ट बाटल्यांत वाटून फ्रिजमध्ये टाका, एका वेळी एकच बाटली वापरात. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

थोडं आणि दिवसातून तीन-चार वेळा द्या, आणि तळाची घाण रोज बारीक नळीने ओढा. पिल्लांच्या टँकमध्ये फक्त स्पंज फिल्टर. मोटरवाल्या फिल्टरची जाळी सकाळी उघडून बघितली की "पिल्लं कुठे गेली?" याचं उत्तर मिळतं.

तोंडात अंडी धरणाऱ्यांबद्दल

यलो लॅबसारख्या मलावी माशांत मादी साधारण तीन आठवडे पिल्लं तोंडात ठेवते आणि त्या काळात जवळजवळ खात नाही. दिवसा जाळी घेऊन तिच्या मागे धावलात की ती सगळं थुंकते. रात्री, दिवे बंद करून, हळूच काढा. पिल्लं सोडल्यावर तिला लगेच नरांच्या टँकमध्ये टाकू नका; आठवडाभर खाऊ घाला. एका नराला तीन-चार माद्या ठेवा. आणि दिसायला सारख्या दोन जाती एका टँकमध्ये ठेवल्यात तर पिल्लांना नाव काय द्यायचं हा प्रश्न तुमचा.

लाईट गेली की

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आमच्याकडे बरेच दिवस वीज नव्हती. मोठे, भरगच्च टँक आधी गेले. कमी मासे आणि भरपूर पाणवनस्पती असलेला एक कोपऱ्यातला टँक न हलता टिकला. आता बॅटरीवरचा एअर पंप कायम चार्ज असतो. लाईट गेली की पहिलं काम खाणं बंद. एअर पंप टँकच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला, नाहीतर बंद पंपातून पाणी उलटं उतरतं. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) आधी, मग दुसरा टँक. खाऱ्या हवेत बोर्ड कधी गंजला ते बाहेरून कळत नाही. रॅकलाही दरवर्षी रंग हवा: ३ बाय दीड बाय दीड फुटी टँकमध्ये १९० लिटर पाणी, म्हणजे एका कप्प्यावर दोन क्विंटल.

पिल्लं झाली, आता?

एंजलची जोडी एका वेळी काहीशे अंडी घालते. दोनशे पिल्लं रुपयाएवढी होईपर्यंत दोन मोठे टँक खातात. रत्नागिरी-चिपळूणच्या दुकानांत आधीच बोलून ठेवा, किंवा मुंबईला कुर्ल्याच्या बाजारात नेणारा कुणी ओळखीचा शोधा. पाठवताना एक दिवस उपाशी ठेवा, पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी ऑक्सिजन. वाकड्या कण्याची पिल्लं गिऱ्हाईकाच्या पिशवीत जाऊ देऊ नका. आणि उरलेली वहाळात, तळ्यात, खाडीत सोडू नका. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया हाही सिक्लिडच, आणि तोही तोंडातच पिल्लं वाढवतो. आमच्या गावच्या तळ्यात गळ टाकला की सध्या बहुतेक तोच लागतो.