संत्र्या-लिंबाच्या तेलांचं नैसर्गिक परफ्यूम बनवताय? या चुका टाळा

बाटली उघडली की ताज्या सोललेल्या सालीचा वास खोलीभर पसरतो. तोच वास मनगटावर लावला तर वीस मिनिटांत नाहीसा होतो. नैसर्गिक परफ्यूम बनवायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाची पहिली तक्रार हीच असते. त्यावर सुचणारा पहिला उपायही ठरलेला: तेल आणखी घाला. पहिली चूक इथेच होते.

संत्र्याच्या आणि ग्रेपफ्रूटच्या तेलात 90 टक्क्यांहून जास्त लिमोनीन हा सुगंधी घटक असतो, लिंबाच्या (म्हणजे पिवळ्या लेमनच्या) तेलात साधारण दोन तृतीयांश. लिमोनीनचा रेणू लहान आणि हलका, त्वचेच्या उबेने तो भराभर उडतो. तेल दुप्पट केलं की सुरुवातीचा भपकारा वाढतो, टिकण्याचा वेळ मात्र फारसा वाढत नाही. मग कोणीतरी सांगतं, खाली चंदन, वाळा, लॅब्डेनम (एका झुडपाची सुगंधी राळ) असं जड काही घाला, ते लिंबाला धरून ठेवील. थोडंफार धरतंही. पण मधली जागा रिकामी असेल तर लिंबू उडून गेल्यावर उरतं ते भलतंच अत्तर, आणि लावणाऱ्याला वाटतं आपण दोन वेगवेगळ्या बाटल्या वापरल्या.

माझं स्पष्ट मत असं की लिंबाला थांबवण्याचा हट्ट सोडून द्यावा. तो जाणारच आहे. तो गेल्यावरही नाकाला त्याची आठवण राहील असं काहीतरी मागे ठेवायचं, खरं काम ते आहे. कडू संत्र्याच्या पानांचं पेटिटग्रेन आणि त्याच झाडाच्या फुलांचं नेरोली यासाठी उत्तम, कारण दोन्हींची नाळ त्या फळाशी जुळलेली आहे आणि दोन्ही सालीच्या तेलापेक्षा जास्त वेळ थांबतात. लिट्सिया क्युबेबा या झाडाच्या फळांच्या किंवा गवती चहाच्या तेलात सिट्रल भरपूर असतं. ते लिमोनीनपेक्षा सावकाश उडतं आणि लिंबाचा भास चालू ठेवतं. घालताना मात्र हात आखडता ठेवा, नाहीतर साबणाच्या वडीचा वास येतो. एलेमी (एका झाडाची राळ), मिरी आणि धणे यांचं तेल ही या कामातली गुणी माणसं. खर्च झेपत असेल तर टर्पीन (लिमोनीनसारखे झटकन उडणारे घटक) कमी करून घट्ट केलेलं, म्हणजे 'फाइव्ह-फोल्ड' संत्र्याचं तेल घ्या. साध्या तेलापेक्षा ते नक्कीच जास्त रेंगाळतं.

आणि एक मान्य करावं लागतं. 1709 साली कोलोन शहरात सुरू झालेल्या फारिना घराण्याच्या 'ओ द कोलोन'ची ओळखच लिंबूवर्गीय ताजेपणाची होती, आणि कोलोन हे दिवसातून पुन्हा पुन्हा लावायचंच असतं. छोटी बाटली जवळ ठेवून परत लावणं यात परफ्यूम फसल्याची खूण नाही.

तपासायची माझी पद्धत सोपी आहे. दोन मिश्रणं करा: एकात लिंबूवर्गीय तेलं असलेला पूर्ण फॉर्म्युला, दुसऱ्यात ती वगळून बाकी सगळं. ब्लॉटरच्या, म्हणजे वास पाहायच्या शोषक कागदाच्या, दोन पट्ट्या शेजारी ठेवा आणि दहा मिनिटांनी, तासाने, दुसऱ्या सकाळी हुंगा. लिंबाविना केलेली पट्टी स्वतःच्या पायावर उभी राहत नसेल, तर दोष लिंबाचा नाही. म्हणूनच बेस (शेवटपर्यंत टिकणारे जड वास) आणि मधल्या नोट्स (त्यांच्या आधी जाणवणारे वास) आधी बसवाव्यात आणि सालीची तेलं शेवटी घालावीत.

उन्हाची चूक

ही चूक त्वचेवर डाग सोडते, म्हणून इथे घाई नको. साल दाबून काढलेल्या काही तेलांत बर्गॅप्टीनसारखे घटक असतात. ते त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात, आणि त्यांचे काळे डाग बरेच दिवस राहतात. बर्गमॉट हे लिंबूवर्गीय फळ यात सगळ्यांत पुढे. त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनासाठी 'इफ्रा' या सुगंध उद्योगाच्या संस्थेच्या मर्यादा अशा: दाबून काढलेलं बर्गमॉट 0.4 टक्के, लाइम (आपलं कागदी लिंबू) 0.7, कडू संत्रं 1.25, लिंबू (लेमन) 2, ग्रेपफ्रूट 4. टक्के मोजायचे ते तयार परफ्यूमच्या वजनावर, अल्कोहोल धरून. म्हणजे 30 ग्रॅमच्या बाटलीत बर्गमॉट फक्त 0.12 ग्रॅम, जेमतेम चार-पाच थेंब.

इथे अनेकजण फसतात ते बेरजेत. बर्गमॉट मर्यादेत, लिंबूही मर्यादेत, म्हणून दोन्ही पूर्ण घातली, असं चालत नाही. बर्गमॉटची अर्धी मर्यादा वापरली तर लिंबाचीही अर्धीच उरते. जास्त हवं असेल तर बर्गॅप्टीन काढून टाकलेलं बर्गमॉट घ्या. गोड संत्रं आणि मँडरिनच्या सालीच्या तेलाला ही अडचण नाही. वाफेने काढलेलं लाइमही सुरक्षित, पण त्याचा वास ताज्या सालीचा नसून गोळीसारखा गोडसर असतो. एकाच्या जागी दुसरं सरळ बदलू नका.

जुनी बाटली

लिमोनीन हवेतल्या ऑक्सिजनने खराब होतं. अर्धी रिकामी, उबेत ठेवलेली बाटली हुंगून पाहा: टर्पेंटाइनसारखा उग्रपणा, तोंडाशी चिकटपणा. असं तेल 'मुरलंय' म्हणून वापरू नका. त्यात तयार झालेल्या हायड्रोपेरॉक्साइडमुळे त्वचेला ॲलर्जी जडू शकते, आणि एकदा जडलेली अशी ॲलर्जी सहसा जात नाही. टाकून द्या, कितीही जीव तुटला तरी. पुढच्या वेळी कमी घ्या, गडद काचेच्या छोट्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरा, फ्रिजमध्ये ठेवा आणि उघडल्याची तारीख लिहा. नवीन तेलात 0.1 टक्का व्हिटॅमिन ई घातलं तर मदत होते, पण बिघडलेलं तेल त्याने सुधारत नाही.

गढूळपणा आणि रंग

परफ्यूम ढगाळ झालं तर बहुधा पाणी जास्त झालं आहे. लिमोनीन पातळ अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे 95 टक्क्यांचं इथेनॉल वापरा आणि पाणी घालायचंच तर अगदी शेवटी, थेंबाथेंबाने. तळाशी साका दिसत असेल तर तो सालीतल्या मेणाचा. बाटली काही दिवस फ्रिजमध्ये ठेवून गार असतानाच कॉफी फिल्टरमधून गाळा.

संत्र्याच्या फुलांचं ॲब्सोल्यूट (द्रावकाने काढलेला घट्ट अर्क) आणि लिंबू एकत्र असतील तर काही आठवड्यांत रंग गडद होतो. पहिल्यातलं मिथिल अँथ्रानिलेट आणि दुसऱ्यातलं सिट्रल यांच्यात रासायनिक क्रिया होते. हा बिघाड नव्हे. पांढऱ्या कपड्यावर मात्र दाबून काढलेल्या तेलांचा पिवळा डाग पडतो, आधी चिंधीवर पाहा.

थेंब मोजण्याबद्दल एवढंच: प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा असतो, 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. आणि रबराच्या बोंडाचा ड्रॉपर बाटलीवरच झाकण म्हणून ठेवू नका, या तेलांच्या वाफेने रबर फुगून चिकट होतं आणि ते तेलात उतरतं.