रॅम आणि अ‍ॅपिस्टो सांगलीच्या पाण्यात कसे जगवायचे

रॅम आणि अ‍ॅपिस्टो म्हणजे घरच्या काचेच्या टाकीत पाळायचे छोटे मासे. पहिली रॅमची जोडी आणली ती आठव्या दिवशी गेली, दुसरी कशीबशी पंधरा दिवस टिकली, आणि दुकानदार म्हणाला, "हा मासा नाजूकच हो दादा, गोल्डफिश न्या." मीपण बरेच दिवस तेच खरं धरून बसलो होतो. घोळ आमच्या बोअरमध्ये होता.

दोघंही ड्वॉर्फ सिक्लिड, म्हणजे ऑस्कर माशाच्या घराण्यातली बुटकी मंडळी, दोन-तीन इंचांची. रॅम व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला, अ‍ॅपिस्टो बहुतेक अ‍ॅमेझॉनच्या बाजूचे. तिथलं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, तळाला कुजका पाला. आणि आपण त्यांना सोडतो कुठं, तर उसाच्या पट्ट्यातल्या खारवट बोअरच्या पाण्यात!

म्हणून पहिलं काम, मासा आणायच्या आधी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणा, आरओवाल्याकडे असतो तोच. आमच्या बोअरला ९०० च्या वर आकडा आला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रॅमसाठी १५० ते २०० च्या आसपास ठेवायचं, त्यासाठी मी नळाचं नदीचं पाणी आणि आरओचं पाणी साधारण निम्मं-निम्मं मिसळतो, तुमच्याकडं प्रमाण वेगळं पडेल, मीटर लावून बघा. आरओच्या दुसऱ्या नळीतून जे वाया जाणारं पाणी येतं ते टाकीत अजिबात नको, सगळे क्षार त्यातच असतात. आणि एवढी खटपट नको असेल तर सरळ अ‍ॅपिस्टो काकाटुऑइडिस घ्या, तो थोडं जड पाणी खपवून घेतो, माझ्या मते नवख्याने सुरुवात त्यानेच करावी.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, पावसाळ्यात कृष्णा गढूळ झाली की वासानेच कळतं, तेव्हा अँटी-क्लोरीन टाकल्याशिवाय पाणी ओतू नका.

मग टाकी. दोन फुटी, म्हणजे साधारण ५५ लिटर, एका जोडीला पुरते. तळाला बारीक धुतलेली वाळू, खडी नको, कारण हे मासे तोंडात वाळू भरून घेतात, चाळतात आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतात, दिवसभर तोच उद्योग, टोकदार खडीने तोंड सोलतं. दगड आपला काळा बेसाल्ट चालतो. शेतातले पांढरट खडे मात्र दिसायला छान म्हणून उचलू नका, व्हिनेगर टाकून बघा, फेस आला म्हणजे चुनखडी, पाणी परत जड.

लपायला जागा पाहिजेच, नाहीतर नर मादीला हाणून हाणून मारतो. उकळलेली करवंटी चालते, पण मला सगळ्यात भारी वाटतं ते संक्रांतीचं सुगड, कडेला थोडं फोडून आडवं ठेवायचं, झाली गुहा. रंग न दिलेलं कोरंच घ्या. (मी पूजेतलं उचललं होतं, आईने दोन दिवस ऐकवलं.) देशी बदामाची झाडावरून गळालेली तपकिरी पानं दोन-तीन टाका, पाणी चहासारखं दिसेल, घाबरू नका, त्यांना तेच आवडतं.

झाडांत अनुबियास आणि जावा फर्न, लाकडाला दोऱ्याने बांधायचे, त्यांचं खोड वाळूत पुरलं की कुजतं. मागं व्हॅलिसनेरिया, मध्ये क्रिप्टोकोरीन. या झाडांना सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर लागत नाही, उलट सीओटू जास्त झालं तर मासे वर येऊन धापा टाकतात.

आता सगळ्यात अवघड पायरी, थांबणे. फिल्टर चालू करून चार ते सहा आठवडे टाकी पिकू द्या, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढू द्या, अमोनिया आणि नायट्राइट ही घाणीतून होणारी विषं टेस्ट किटवर दोन्ही शून्य आली की आधी आठ-दहा एम्बर टेट्रा हे छोटे मासे, आणि रॅम सगळ्यात शेवटी. माझ्या दोन जोड्यांमागं बोअर जितका होता तितकीच ही घाईपण होती, चार दिवसांच्या टाकीत सोडले होते.

रॅमला २८ ते ३० डिग्री लागतात, अ‍ॅपिस्टोला २५-२६ पुरे. सांगलीत जानेवारीत रात्री माझ्या टाकीचं पाणी २१ वर येतं, साताऱ्याकडं तर अजून गार, म्हणजे हीटर हवाच. मे महिन्यात उलटं, झाकण काढून वरून टेबल फॅन लावला की दोन-तीन डिग्री उतरतात. बॅटरीवरचा एअर पंप आणि स्पंज फिल्टर घरात असू द्या, २०१९ च्या पुरासारखी लाईट गेली तर तेवढाच आधार.

दर आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदला, नवीन पाणी त्याच मिश्रणाचं आणि तितकंच कोमट.

खायला बारीक दाणे, अधूनमधून आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव), फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या). गटारातला जिवंत ट्युबिफेक्स किडा फुकट मिळाला तरी नको. मासा कोपऱ्यात काळवंडून बसला, खाणं सोडलं, पांढरी दोऱ्यासारखी शी लोंबायला लागली तर पोटात जंतू असण्याची शक्यता जास्त, आधी पाणी तपासा, मगच औषध. नवीन मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवलात तर ही वेळ सहसा येत नाही.

अ‍ॅपिस्टोची मादी एकदम हळदीसारखी पिवळी झाली आणि सुगडाच्या तोंडाशी बसून नरालाच हाकलायला लागली तर समजा आत छताला अंडी चिकटवलीत. टाकीत हात घालू नका. आठ-दहा दिवसांत पिल्लं आईमागं पोहायला लागतात, त्यांना नुकता फुटलेला आर्टेमिया दिवसातून दोन-तीनदा, आणि नर फारच मार खात असेल तर त्याला दुसऱ्या टाकीत हलवा.